डेटाबेस सर्व्हर अडकल्यावर नेमकी कोणती प्रोसेस थांबवायची

वाशीच्या भाजी मार्केटमध्ये गाड्या रात्रीच लागतात. आवक नोंदली जाते, उजाडायच्या आत निम्मा माल हललेला असतो आणि शेतकऱ्याची हिशेबपट्टी त्याच घाईत निघते. गाळेधारकांचं हे सगळं काम ज्या सॉफ्टवेअरवर चालतं, त्याचा डेटाबेस सर्व्हर मी महापेच्या ऑफिसातून सांभाळतो. त्यामुळे ‘डेटाबेसमधले बदल रात्री तीन वाजता करा, तेव्हा कोणी नसतं’ हा सल्ला कुणी दिला की मला राग येतो. आमच्याकडे रात्री तीनला सगळे हजर असतात.

खाली लिहिलेलं सगळं पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या अनुभवावरचं आहे. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेस सॉफ्टवेअरबद्दल शेवटी थोडं लिहिलं आहे. सर्व्हरवर लॉगिन, टर्मिनल आणि साधी क्वेरी लिहिता येणं एवढं मी गृहीत धरतो.

पायरी १ : आधी मशीन बघा

चालू प्रोसेस दाखवणारी ‘टॉप’ कमांड चालवा, इंग्रजी ‘सी’ दाबून प्रोसेसची पूर्ण नावं उघडा. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक कनेक्शनची वेगळी प्रोसेस असते आणि तिच्या नावातच युजर, डेटाबेस आणि ती काय करते आहे हे लिहिलेलं असतं. सीपीयू कोण खातंय, डिस्कसाठी कोण थांबलंय हे इथेच कळतं. मेमरीच्या आकड्यांची मात्र बेरीज करू नका. सगळ्या प्रोसेस एकच सामायिक मेमरी वापरतात आणि टॉप ती प्रत्येकीच्या नावावर पुन्हा पुन्हा मोजतो. खरी शिल्लक ‘फ्री’ कमांडच्या ‘अव्हेलेबल’ रकान्यात बघा.

इथली एक खूण पक्की लक्षात ठेवा. मार्केटमधून फोनवर फोन येत आहेत, स्क्रीन गोठल्या आहेत, पण सर्व्हरचा लोड मात्र नेहमीपेक्षाही कमी आहे. नवखा माणूस अशा वेळी ‘सर्व्हर ठीक आहे, तुमचं नेट बघा’ असं सांगून मोकळा होतो. लॉकसाठी, म्हणजे दुसऱ्याने धरून ठेवलेली ओळ किंवा टेबल मोकळं होण्यासाठी, थांबलेली प्रोसेस झोपलेली असते, ती सीपीयू खात नाही, म्हणून लोडमध्येही दिसत नाही. लोड कमी आणि तक्रारी जास्त, म्हणजे बहुतेक वेळा लॉकची रांग लागली आहे.

पायरी २ : आतली यादी काढा

पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी हा चालू कनेक्शनची यादी दाखवणारा व्ह्यू उघडा. प्रोसेस क्रमांक, युजर, अ‍ॅप्लिकेशनचं नाव, क्लायंटचा पत्ता, ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणाऱ्या आज्ञांचा गट) कधी सुरू झालं, क्वेरी कधी सुरू झाली, अवस्था, कशासाठी थांबली आहे आणि क्वेरीचा मजकूर, एवढे रकाने पुरेत. दुसऱ्याच्या क्वेरी दिसत नसतील तर आवृत्ती १० पासून असलेला पीजी_मॉनिटर हा रोल मागून घ्या. सुपरयुजर मागू नका.

पायरी ३ : रांगेचं तोंड शोधा

इथेच मी सुरुवातीची दोन वर्षं चुकत होतो, म्हणून इथे सावकाश चला.

घोडबंदर रोडने रोज जाणाऱ्या ठाणेकराला हे समजवायला नको. गायमुखच्या घाटात एक कंटेनर बंद पडतो आणि रांग मागे कासारवडवलीपर्यंत येते. कासारवडवलीत हॉर्न वाजवणारी गाडी कितीही वेळ उभी असली तरी तिला उचलून काही साधत नाही. मी नेमकं तेच करत होतो. यादीत जी क्वेरी सर्वांत जास्त वेळ चालू दिसेल ती मारायची, की दुसरी वर यायची, तीही मारायची. अर्ध्या तासात वीस-पंचवीस निरपराध सेशन (लोकांची चालू कनेक्शन) गेले आणि रांग होती तिथेच होती. लोकांनी पुन्हा पुन्हा बटण दाबल्यामुळे उलट ती वाढलीच.

रांगेचं तोंड शोधायला पीजी_ब्लॉकिंग_पिड्स हे फंक्शन वापरा. ते २०१६ च्या ९.६ आवृत्तीपासून आहे. प्रोसेस क्रमांक दिला की तिच्या आड कोण उभं आहे त्यांचे क्रमांक ते परत देतं. ज्यांच्यासाठी उत्तर रिकामं नाही अशा सगळ्या ओळी काढा आणि साखळी धरून पुढे सरका. अमुक प्रोसेस कोणामुळे थांबली, ती दुसरी कोणामुळे, असं करत जिच्या आड कोणीच नाही अशा प्रोसेसपर्यंत पोचायचं. तेच रांगेचं तोंड. उत्तरात शून्य आलं तर गोंधळू नका. आड आलेलं ते प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन, म्हणजे अंतिम मंजुरीसाठी तयार करून ठेवलेलं ट्रान्झॅक्शन असतं, त्याला प्रोसेसच नसते. पीजी_प्रिपेअर्ड_एक्सॅक्ट्समध्ये ते सापडेल आणि नाव देऊन ‘रोलबॅक प्रिपेअर्ड’ करावं लागेल.

आता खरी फसगत. तोंडाशी सापडणारी प्रोसेस बहुतेक वेळा काहीच करत नसते. तिची अवस्था ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ असते, म्हणजे ट्रान्झॅक्शन उघडलं, काहीतरी केलं आणि ते बंद न करता पुढच्या आज्ञेची वाट बघत बसली. क्वेरीच्या रकान्यात एखादं साधं सिलेक्ट दिसतं. ते बघून ‘हिच्यामुळे कसं काय अडेल’ असं म्हणत मी अशा प्रोसेस कितीदा तरी सोडून दिल्या आहेत. पण तो रकाना फक्त शेवटची आज्ञा दाखवतो. लॉक त्याआधीच्या एखाद्या अपडेटने घेतलेला असतो आणि ट्रान्झॅक्शन संपेपर्यंत तो सुटत नाही. म्हणून क्वेरी कधी सुरू झाली हे बघू नका, ट्रान्झॅक्शन कधी सुरू झालं ते बघा. तिथे चाळीस मिनिटं दिसली की माणूस सापडला.

आमच्याकडे हे नेहमी एकाच प्रकारे होतं. हिशेबनीस नोंदीची स्क्रीन उघडतो, तेवढ्यात टेम्पो येतो, तो बाहेर जातो. प्रोग्राम लिहिणाऱ्याने स्क्रीन उघडतानाच ट्रान्झॅक्शन सुरू केलेलं असतं. दोष हिशेबनिसाचा अजिबात नाही. माणसाच्या उत्तराची वाट बघत ट्रान्झॅक्शन उघडं ठेवणं ही प्रोग्रामची चूक आहे, आणि ती प्रोग्राममध्येच दुरुस्त झाली पाहिजे.

याहून वाईट प्रकार म्हणजे रांगेच्या मध्यावर ‘अल्टर टेबल’ येऊन बसणं. टेबलमध्ये नवीन रकाना घालायला संपूर्ण टेबलचा लॉक लागतो. पुढे कोणीतरी साधं सिलेक्ट करून ट्रान्झॅक्शन उघडं ठेवलं असेल तर अल्टर थांबतं. ते थांबलं की त्याच्या मागून येणारं प्रत्येक साधं वाचनही थांबतं, कारण रांगेत त्याला ओलांडून जाता येत नाही. एका मिनिटात सगळी कनेक्शन भरतात. मूळ मर्यादा १०० ची असते, ती संपली की नवीन माणसाला आत येताच येत नाही. मग कोणीतरी ‘मॅक्स कनेक्शन वाढवा’ म्हणतं. वाढवू नका. ती मर्यादा बदलायला सर्व्हर रिस्टार्ट करावा लागतो आणि रांगेचं तोंड बंद असताना हाती एवढंच लागतं की आणखी माणसं रांगेत उभी राहतात.

माझं ठाम मत असं, की रांगेत अल्टर दिसलं तर तोंडाशी बसलेल्याकडे जाण्याआधी ते अल्टर रद्द करा. लॉकच मिळाला नसल्यामुळे त्याने अजून काहीही काम केलेलं नसतं, त्यामुळे कोणाचं एका पैशाचं नुकसान होत नाही आणि मागची सगळी वाचनं लगेच वाहती होतात. मग निवांतपणे मूळ माणूस शोधा. अपडेटमागे अपडेट अडकलेली असतील तर हा उपाय नाही, तिथे तोंडच मोकळं करावं लागतं.

पायरी ४ : थांबवा, पण क्रमाने

आधी त्या प्रोसेसची पूर्ण ओळ कॉपी करून ठेवा. प्रोसेस गेली की ओळही जाते, आणि दुसऱ्या दिवशी प्रोग्राम लिहिणाऱ्यासमोर ठेवायला हातात काही राहत नाही. मग अ‍ॅप्लिकेशनच्या नावावरून शक्य असेल तर त्या माणसाला फोन करा. ‘दादा, ती नोंद सेव्ह करा किंवा बंद करा’ एवढ्याने पुष्कळदा काम होतं. आमच्या मार्केटमध्ये तरी फोन पहिल्या रिंगला उचलतात.

फोन लागला नाही तर दोन फंक्शन आहेत. पीजी_कॅन्सल_बॅकएंड चालू क्वेरी थांबवतं, सेशन जिवंत राहतं. पीजी_टर्मिनेट_बॅकएंड सेशनच बंद करतं आणि अपूर्ण ट्रान्झॅक्शन मागे फिरतं. क्वेरी खरोखर चालू असेल तर आधी पहिलं वापरा. आयडल इन ट्रान्झॅक्शनवर मात्र पहिल्याचा काहीच परिणाम होत नाही, कारण थांबवायला तिथे चालू क्वेरीच नसते. ‘कॅन्सल केलं, ट्रू आलं, तरी सुटत नाही’ असं सांगणारे फोन मला अजूनही येतात. ट्रू म्हणजे सिग्नल पाठवला गेला, एवढंच. तिथे थेट दुसरं फंक्शन लागतं. दाबण्याआधी क्रमांक आणि ट्रान्झॅक्शनची सुरुवात पुन्हा एकदा जुळवून बघा. ऑपरेटिंग सिस्टीम तेच क्रमांक काही काळाने दुसऱ्या प्रोसेसला देते.

आणि आता ज्यासाठी हा लेख लिहायला बसलो ती गोष्ट. प्रोसेस जबरदस्तीने मारणारी ‘किल -९’ ही कमांड वापरू नका. पोस्टग्रेसच्या प्रोसेसवर कधीच नाही.

मी ते एकदा केलं आहे. पावसाळ्यातली रात्र होती, एक रिपोर्ट संपूर्ण सीपीयू खात होता, पलीकडून दर दोन मिनिटांनी फोन येत होता. दुसऱ्या कुठल्या सॉफ्टवेअरच्या सवयीने मी त्या एका प्रोसेसवर -९ मारला. क्षणात मार्केटमधली झाडून सगळी सेशन तुटली. -९ हा सिग्नल असा आहे की मरणाऱ्या प्रोसेसला आवराआवर करायला वेळच मिळत नाही. पोस्टग्रेसची मुख्य प्रोसेस हे बघते आणि धरून चालते, की सामायिक मेमरीत ती काहीतरी अर्धवट लिहून गेली असणार. डेटा खराब होऊ नये म्हणून ती बाकीची सगळी सेशन तोडते, मेमरी नव्याने मांडते आणि शेवटच्या चेकपॉइंटपासूनचा (बदल डिस्कवर पक्के लिहिल्याच्या शेवटच्या खुणेपासूनचा) लॉग पुन्हा चालवते. ते संपेपर्यंत कोणालाही आत घेत नाही. पोस्टग्रेसने बरोबरच केलं, चूक माझी होती. माल उतरवून पट्टीसाठी थांबलेल्या माणसांचा त्या रात्री माझ्या एका आकड्यामुळे खोळंबा झाला, हे मी विसरलेलो नाही.

टर्मिनेट करूनही प्रोसेस लगेच गेली नाही तर थांबा. टॉपमध्ये तिच्यापुढे ‘डी’ दिसत असेल तर ती डिस्कच्या उत्तराची वाट बघते आहे आणि त्या अवस्थेत -९ चाही उपयोग होत नाही. तिथे डिस्ककडे बघा.

आणखी एका प्रोसेसला हात लावू नका. ऑटोव्हॅक्यूमच्या, म्हणजे आपोआप चालणाऱ्या साफसफाईच्या, ओळीत ‘टू प्रिव्हेंट रॅपअराउंड’ असं लिहिलेलं असेल तर ती चालू द्या. ट्रान्झॅक्शनचे क्रमांक संपू नयेत म्हणून ती चालते. मारली तर थोड्या वेळाने पुन्हा उठते, आणि सतत मारत राहिलात तर शेवटी डेटाबेस नवीन नोंदी घेणंच बंद करतो.

पायरी ५ : पुन्हा होऊ नये म्हणून

आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट मुळात बंद असतो, तो पाच मिनिटांवर लावा. उघडं सोडलेलं सेशन मग आपोआप तुटतं. पहिल्या आठवड्यात प्रोग्राम लिहिणारे तक्रार करतील. करू द्या, पण आपण काढून ठेवलेल्या ओळी त्यांच्यासमोर ठेवा आणि दुरुस्ती होईपर्यंत पाठ सोडू नका.

टेबल बदलण्याआधी त्या सेशनमध्ये लॉक_टाइमआउट तीन सेकंदांवर ठेवा. लॉक मिळाला नाही तर अल्टर स्वतःच माघार घेईल, थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. आमच्यासारख्या चोवीस तास जागणाऱ्या ठिकाणी बदल करण्याचा हाच मार्ग आहे. स्टेटमेंट_टाइमआउट मात्र संपूर्ण सर्व्हरला लावू नका, रिपोर्टच्या युजरला वेगळा आणि बिलिंगच्या युजरला वेगळा लावा. लॉग_लॉक_वेट्स चालू करा. एक सेकंदापेक्षा जास्त थांबलेला प्रत्येक लॉक लॉगमध्ये येतो.

सुपरयुजरसाठी तीन कनेक्शन राखून ठेवलेली असतात. सगळं भरलं तरी तुम्हाला आत शिरता यावं म्हणून ती आहेत. अ‍ॅप्लिकेशनच सुपरयुजरच्या नावाने जोडलं असेल तर तीही तेच खातं, आणि मग बाहेर उभं राहून बघत बसण्याशिवाय काही उरत नाही. आजच तपासा.

मायएसक्यूएल असेल तर

तिथे एकच प्रोसेस असते आणि आत थ्रेड असतात, म्हणून टॉपमध्ये फारसं काही कळत नाही. ‘शो प्रोसेसलिस्ट’ बघा. उघड्या ट्रान्झॅक्शनचं सेशन तिथे निरुपद्रवी ‘स्लीप’ म्हणून दिसतं, त्यामुळे उघडी ट्रान्झॅक्शन दाखवणारं इनोडीबी_टीआरएक्स हे टेबलही जोडीने बघा. ‘किल क्वेरी’ फक्त क्वेरी थांबवतं, नुसतं ‘किल’ सेशन तोडतं. मोठा फरक रोलबॅकचा. पोस्टग्रेसमध्ये अपूर्ण ट्रान्झॅक्शन रद्द करणं जवळजवळ तात्काळ होतं. मायएसक्यूएलच्या इनोडीबी या साठवण इंजिनला मात्र केलेला प्रत्येक बदल एकेक करून मागे न्यावा लागतो. दोन तास चाललेलं अपडेट मारलंत तर मागे फिरायलाही तासन्‌तास लागू शकतात. तेव्हा कंटाळून सर्व्हर रिस्टार्ट करू नका, सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावर उरलेला रोलबॅक तिथूनच पुढे चालू होतो. ते अपडेट संपत आलं असेल तर मी ते संपू देतो आणि मार्केटला फोन करून किती वेळ लागेल ते सांगतो.