अमेरिकेतून भारतात न्यायचा फोन: पैसे देण्याआधी काय काय बघायचं

भारतवारीची तिकिटं निघाली की घरून मागणी येतेच. बाबांना नवा फोन हवा असतो, भाच्याला आयफोनच हवा असतो, आणि इथल्या मोबाइल कंपनीची ‘नवा फोन फुकट’ अशी जाहिरात समोर झळकत असते. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगते. भारतात न्यायचा फोन मोबाइल कंपनीच्या योजनेतून घेऊ नका. पूर्ण किंमत मोजून अनलॉक्ड, म्हणजे कुठल्याही कंपनीचं सिम चालणारा, घ्या. योजनेतला फोनच न्यायचा असेल, तर तो अनलॉक करून घ्यायचं काम निघायच्या आठवड्यावर ठेवू नका, दोन-तीन महिने आधी हातात घ्या.

भारतात वाढलेल्यांच्या ही लॉकची भानगड चटकन लक्षात येत नाही, कारण आपल्याकडे फोन एका दुकानातून आणि सिम दुसऱ्या दुकानातून घ्यायची पद्धत. अपवाद होते. २००८ साली एअरटेल आणि व्होडाफोनने आयफोन ३जी भारतात आणला तेव्हा तो लॉक्ड होता, आणि जिओफोनात जिओचंच सिम चालायचं. पण सर्वसाधारण ग्राहकाला ती सवय कधी लागली नाही. अमेरिकेत व्हेरायझन, एटी अँड टी, टी-मोबाइल या कंपन्या फोन हप्त्यांवर देतात आणि तो आपल्याच सिमवर चालेल अशी सॉफ्टवेअरची कडी घालतात. असा फोन इथे अगदी सुरळीत चालतो. भारतात उतरल्यावरही वायफायवर व्हॉट्सअॅप चालतं, फोटो निघतात. जिओ किंवा एअरटेलचं सिम चढवायला गेलं की मात्र पडद्यावर ‘सिम नॉट सपोर्टेड’ येतं, आणि तिथून पुढे अमेरिकेतल्या कस्टमर केअरशी रात्री जागून बोलणं सुरू होतं.

म्हणून दुकानात जाण्याआधी घरी बसून एक हिशेब करा. ‘फुकट’ फोनची किंमत दोन किंवा तीन वर्षांच्या हप्त्यांत वाटलेली असते, आणि दर महिन्याच्या बिलात तेवढीच रक्कम वजावट म्हणून परत दिलेली दिसते. मध्येच कंपनी सोडली की वजावट थांबते आणि उरलेले सगळे हप्ते एकदम अंगावर येतात. १,०९९ डॉलरचा फोन ३६ महिन्यांवर घेतला तर हप्ता साडेतीस डॉलरच्या आसपास बसतो. २० महिन्यांनी सोडायची वेळ आली तर १६ हप्ते, म्हणजे जवळपास ४८८ डॉलर एकरकमी भरावे लागतात. शिवाय अनेक राज्यांत विक्रीकर पहिल्याच दिवशी मूळ किमतीवर घेतात, मग जाहिरात काहीही म्हणो. एमएसला आलेल्या मुलामुलींनी हे दोनदा वाचावं. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, नोकरी आणि व्हिसाचा भरवसा नाही, आणि सही मात्र ३६ महिन्यांच्या कागदावर. ज्यांना याच देशात, याच कंपनीकडे राहायचं आहे त्यांना ही योजना खरंच स्वस्त पडते. ज्यांचा मुक्काम अनिश्चित आहे त्यांच्यासाठी ती नाही.

दुसरा हिशेब इथून फोन न्यावा की नाही याचाच. सप्टेंबर २०२५ मध्ये आयफोन १७ आला तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत ७९९ डॉलर होती आणि भारतात ८२,९०० रुपये. न्यू जर्सीचा ६.६२५ टक्के विक्रीकर धरला तर ७९९ चे ८५२ होतात. डॉलर ९० रुपये धरून ते साधारण ७६,७०० रुपये झाले. वाचले सहा हजार, आणि तेवढी सूट पुण्या-मुंबईच्या दुकानात बँकेच्या कार्डावर कधीकधी सहज मिळून जाते. आयफोन १७ प्रोचं गणित वेगळं आहे. तो इथे १,०९९ डॉलर आणि तिथे १,३४,९०० रुपये, म्हणजे कर धरूनही २९ हजारांच्या आसपास फरक. माझं मत असं की साध्या मॉडेलसाठी हा खटाटोप करू नये. आईबाबांना तिथेच बिलासकट, वॉरंटीसकट घेऊन द्यावा. महागड्या मॉडेलसाठीच सामानात जागा करावी. ओरेगॉन, डेलावेअर, न्यू हॅम्पशायर किंवा मोंटानात राहत असाल तर राज्याचा विक्रीकर नाही, तेव्हा हिशेब आणखी सोपा.

आता प्रत्यक्ष खरेदी. इथे एका बारीक फरकाकडे लक्ष द्या, कारण यात जाणती माणसंही फसतात. ‘सिम-फ्री’ आणि ‘अनलॉक्ड’ एकच नव्हे. मोठ्या किराणा आणि इलेक्ट्रॉनिक्स दुकानांतून सिमशिवाय विकले जाणारे काही आयफोन असे असतात की सुरू करताना ज्या कंपनीचं सिम पहिल्यांदा लागेल तिच्याशी ते जोडले जातात. खोकं सीलबंद, किंमत पूर्ण भरलेली, आणि तरी पहिल्या सिमनंतर फोन लॉक. म्हणून विक्रेत्याला ‘कुठल्याही नेटवर्कवर चालेल ना?’ असं मोघम विचारू नका, तो हो म्हणेल. ‘बिलावर अनलॉक्ड असं छापून येईल का?’ असं विचारा आणि ते बिल जपून ठेवा. ॲपलच्या संकेतस्थळावर किंवा दुकानात घेताना नेटवर्क निवडायच्या पानावर कंपन्यांच्या नावांखाली एक शेवटचा पर्याय असतो: कुठल्याही कंपनीशी नंतर जोडा. भारतासाठी तोच निवडायचा. सॅमसंगमध्ये मॉडेल क्रमांकाचं शेपूट बघा. अमेरिकी गॅलॅक्सीच्या क्रमांकाच्या शेवटी नुसतं ‘यू’ असेल तर तो मोबाइल कंपनीसाठी बनवलेला. ‘यू१’ असेल तर मुळात अनलॉक्ड.

फोन हातात आला की परत करायची मुदत संपायच्या आत तपासा. आयफोनमध्ये सेटिंग्ज, मग जनरल, मग अबाउट उघडून खाली सरकत जा. ‘कॅरिअर लॉक’ अशी ओळ येते आणि तिच्यासमोर ‘नो सिम रिस्ट्रिक्शन्स’ हे तीन शब्द दिसले पाहिजेत. दुसरं काहीही लिहिलेलं असेल तर फोन परत. अँड्रॉइडमध्ये सगळ्या फोनांत अशी ओळ सापडेलच असं नाही, तिथे दुसऱ्या कंपनीचं सिम घालून कॉल लावून बघणं हाच खात्रीचा मार्ग. शेजाऱ्याचं, मैत्रिणीचं, कुणाचंही चालेल, कंपनी वेगळी हवी एवढंच. त्याच बसल्या बैठकीत *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, टिपून घ्या.

वापरलेला फोन घेत असाल तर आयएमईआयची चौकशी पैसे देण्याआधी करा. विकणाऱ्याचे हप्ते थकले किंवा त्याने फोन हरवल्याची तक्रार दिली, तर तो काळ्या यादीत जातो आणि मग अनलॉक्ड असूनही उपयोग नाही. भारतात हीच तपासणी दूरसंचार खात्याच्या ‘संचार साथी’वर होते. आणि ‘आपल्याकडे कुणीतरी उघडून देईल’ या भरवशावर लॉक्ड फोन नेऊ नका. सिमला चिकटवायच्या ज्या पातळ चिपा बाजारात मिळतात, त्यांनी लॉक निघत नाही, फक्त फोनला चकवलं जातं. एखाद्या अपडेटनंतर तो पुन्हा बंद पडतो आणि गावातल्या म्हाताऱ्या माणसाला काय झालं ते कळतही नाही.

ई-सिमचा, म्हणजे कार्डाऐवजी फोनमध्येच भरलेल्या सिमचा, विचार मी सर्वांत महत्त्वाचा मानते, आणि नेमका तोच राहून जातो. २०२२ च्या आयफोन १४ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना सिमचा ट्रे नाही. पिक्सेल १० चं अमेरिकी मॉडेलही तसंच. अनलॉक्ड असला तरी त्यात प्लास्टिकचं सिम घालता येत नाही. जिओ, एअरटेल आणि व्ही (व्होडाफोन आयडिया) ई-सिम देतात, बीएसएनएलची सुरुवात अगदी अलीकडची आहे. तेव्हा आधी घरी फोन करून विचारा, आई कुणाचं सिम वापरते, आणि नंबर कुणाच्या नावावर आहे. सिम बदलण्याचा संदेश आणि ईमेल सांभाळायला जवळ कोणी आहे का, हेही विचारा. पुण्यात राहणाऱ्या भाच्याला यातलं काहीच अवघड नाही. पण कोकणातल्या गावी एकट्या राहणाऱ्या काकूंचा फोन पडून फुटला, तर आज त्या सिम काढून जुन्या बटणांच्या फोनात घालतात आणि पाच मिनिटांत बोलायला लागतात. ई-सिममध्ये ती सोय गेली. अशा घरासाठी मी ट्रे असलेला भारतीय फोनच सुचवते, फरक कितीही असो.

स्वस्त अमेरिकी अँड्रॉइड नेताना फ्रिक्वेन्सीचे पट्टे, म्हणजे बँड, बघावे लागतात. आयफोनमध्ये ही काळजी सहसा नसते, त्यात बँड भरपूर असतात. भारतात ४जी साठी बँड ३, ५, ८ आणि ४० महत्त्वाचे, ५जी साठी एन७८, आणि जिओसाठी एन२८ सुद्धा. अमेरिकेत बँड ४० सामान्य वापरात नसल्यामुळे तिथल्या बऱ्याच स्वस्त फोनांत तो घालतच नाहीत. त्यात जिओकडे २जी-३जी नाहीच, साधा कॉलही व्होल्टीवरूनच, म्हणजे ४जी नेटवर्कवरूनच जातो. म्हणजे बँड जुळून भागत नाही, फोनच्या सॉफ्टवेअरला त्या कंपनीचं व्होल्टी माहीत असावं लागतं. कंपनीच्या संकेतस्थळावर मॉडेल क्रमांकानिशी बँडची यादी असते, ती वाचल्याशिवाय घेऊ नका.

वॉरंटी आणि सीमाशुल्क थोडक्यात. आयफोनची दुरुस्ती विक्रीच्या देशापुरती मर्यादित ठेवायचा अधिकार ॲपलने वॉरंटीच्या मजकुरात राखून ठेवला आहे, तेव्हा भारतात फुकट दुरुस्ती होईलच असं धरू नका. भारताच्या बॅगेज नियमांत लॅपटॉपला वेगळी सूट आहे, मोबाइलला तशी नाही. नवा फोन तुमच्या सवलतीच्या मर्यादेत मोजला जातो. मर्यादेबाहेर सामान जात असेल तर बिल हाताशी ठेवा आणि सरळ लाल मार्गिकेतून जाऊन जाहीर करा.

आता ज्यांच्याकडे योजनेतला लॉक्ड फोन आधीच आहे त्यांच्यासाठी. २०१४ च्या कायद्याने अमेरिकेत फोन अनलॉक करणं ग्राहकाला पुन्हा वैध झालं, पण हप्ते बाकी असताना कंपनीने तो उघडून द्यावा असं त्यात कुठे नाही. आधी उरलेली रक्कम भरा. मग प्रत्येक कंपनीची किमान मुदत असते. पोस्टपेडला एटी अँड टी ६० दिवस आणि टी-मोबाइल ४० दिवस मागत आले आहेत, प्रीपेडला मुदत कितीतरी जास्त. हे आकडे कंपन्या बदलतात, त्यामुळे मित्राच्या सांगण्यावर न जाता अर्जाच्या दिवशी संकेतस्थळावरचं धोरण वाचा. एटी अँड टीकडे अर्ज केल्यावर ईमेलवर दुवा येतो आणि तो २४ तासांत उघडावा लागतो, नाहीतर अर्ज रद्द. स्पॅमची पेटी बघायला विसरू नका. आयफोन कंपनीकडूनच दुरून उघडला जातो, कोड लागत नाही. काही अँड्रॉइडना कोड लागतो, आणि तो पुन्हा पुन्हा चुकला तर फोन कायमचा अडकू शकतो, तेव्हा एकेक आकडा वाचून टाका. हे सगळं इथला नंबर चालू असतानाच उरका. खातं बंद करून, भारतात बसून, जुन्या पत्त्याची आणि पिनची खातरजमा करत बसणं फार त्रासाचं होतं.

नातेवाईक लंडन किंवा टोरांटोत असतील तर हे अर्धं ओझं हलकं आहे. कॅनडाने १ डिसेंबर २०१७ पासून आणि ब्रिटनने डिसेंबर २०२१ पासून लॉक्ड फोन विकायला बंदी घातली. जपानमध्येही ऑक्टोबर २०२१ नंतर सिम-लॉक जवळपास गेला. युरोपात घेतलेल्या सॅमसंगच्या खोक्यावरची चिकटपट्टी मात्र वाचा. पहिल्यांदा तिथल्याच सिमवरून एकूण पाच मिनिटांहून जास्त बोलून मगच बाहेरचं सिम घाला, अशी सूचना काही मॉडेलांवर असते.

उलट दिशेनेही एक सूचना. भारतातून शिकायला येणाऱ्यांनी शाओमी, रिअलमी, विवोचा नवा फोन घेऊन विमानात बसू नये. इथलं ३जी २०२२ मध्ये बंद झालं आणि एटी अँड टी तर आपल्या मान्य यादीतलेच फोन कॉलसाठी चालू देते. भारतीय फोन अनलॉक्ड असूनही त्या यादीत नसेल तर तो तिथे चालत नाही. घरूनच आयएमईआय कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा.

शेवटचं काम भारतात पोचल्यावरचं. जुन्या सिमवरून नव्या फोनवर ई-सिम घेतलं की सुरक्षेसाठी २४ तास त्या नंबरवरचे एसएमएस बंद राहतात. म्हणजे बँकेचा ओटीपी नाही. बाबांची पेन्शन जमा झाल्यावर बिलं भरायचा दिवस, रेल्वेचं तिकीट काढायचा दिवस, डॉक्टरांचे पैसे द्यायचा दिवस सोडून बदल करा, आणि जुना फोन लगेच कुणाला देऊन टाकू नका. व्हॉट्सअॅपचा बॅकअप उतरून बँकेचं ॲप नव्या फोनवर उघडेपर्यंत तो चार्ज करून कपाटात राहू द्या.