ह्याल्टलांड, झेटलंड की शेटलंड? कुठं काय लिहावं

स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या या बेटांवर लिहिताना तीन नावं समोर येतात. तिन्ही एकाच शब्दाची रूपं आहेत, पण एकाच्या जागी दुसरं चालत नाही. कोणतं कुठं लिहायचं हे कळण्यासाठी मूळ नाव आधी तोंडाने म्हणून पाहा.

जुन्या नॉर्स भाषेतलं, म्हणजे स्कँडिनेव्हियातून इथं येऊन वसलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतलं, नाव ‘ह्याल्टलांड’. त्याचा आरंभ मराठी ‘ह्या’च्या जवळचा, फक्त नुसत्या श्वासाचा. जीभ टाळूकडे नेऊन तो जोरात चार-पाच वेळा म्हणा. हळूहळू ‘श्या’ ऐकू येतं. बेटांवर हेच घडलं. मधला ‘ल’ गळला (फेरो बेटांच्या फेरोईज भाषेत आजही ‘हेटलांड’ म्हणतात) आणि ‘शेटलंड’ तयार झालं. दुसरीकडे तोच आरंभ ‘य’कडे झुकला. स्कॉट लेखनिक हा ‘य’ ‘यॉख’ नावाच्या अक्षराने लिहीत. ते आपल्या ३ सारखं दिसे. छापखान्यात त्याचा खिळा नसायचा, म्हणून जवळ दिसणारा झेड बसवला आणि कागदावर ‘झेटलंड’ आलं. म्हणजे हा ‘झ’ मुळात कुणाच्या जिभेवरचा नव्हे, छपाईतला आहे. मेंझीस हे स्कॉटिश आडनाव परंपरेने ‘मिंगिस’ उच्चारतात, तेही याच कारणाने.

अर्थ देताना घाई करू नये. ‘ह्याल्ट’ म्हणजे तलवारीची मूठ, म्हणून ‘मुठीच्या आकाराचा प्रदेश’ असं सर्रास सांगितलं जातं. दुसरं मत असं की ‘ह्याल्टी’ नावाच्या माणसावरून नाव पडलं. पण ‘ह्याल्टी’ची षष्ठी ‘ह्याल्टा’ होते, तेव्हा नाव ‘ह्याल्टालांड’ व्हायला हवं होतं. इथं तो ‘आ’ नाही. शिवाय उन्स्ट, येल, फेटलर ही याच समूहातल्या बेटांची नावं नॉर्स लोकांच्या आधीची असावीत. एखादं जुनं नाव त्यांनी आपल्या ओळखीच्या शब्दात बसवलं असणंही शक्य आहे. त्यामुळे ‘मूठ’ लिहायचीच तर सोबत ‘बहुधा’ हवंच.

आता वापर. आजच्या संदर्भात ‘शेटलंड’, तेही एकवचनी. तिथले लोक ‘द शेटलंड्स’ म्हणत नाहीत आणि ते त्यांना खटकतं. नॉर्स काळाबद्दल लिहिताना ‘ह्याल्टलांड’ योग्य. १४६९ मध्ये डेन्मार्क-नॉर्वेचा राजा पहिला ख्रिस्तियान याने मुलीच्या हुंड्यापोटी ही बेटं ८,००० ऱ्हेनिश गिल्डरना स्कॉटलंडच्या राजाकडे गहाण ठेवली; त्यानंतरच्या कागदांवर स्कॉट रूपं वाढत जातात. ‘झेटलंड’ जुनी दफ्तरं आणि पदव्या यांपुरतं ठेवा. काउंटी कौन्सिलच्या नावात ते १९७५ पर्यंत होतं. टपालाच्या कोडात मात्र अजून जिवंत आहे: तो झेड आणि ई या दोन अक्षरांनी सुरू होतो. पत्त्यात हा झेड ‘चुकलाय’ समजून बदलला तर पत्र भरकटेल.

सगळ्यात जास्त फसवणारा शब्द म्हणजे ‘मेनलँड’. तिथं तो स्कॉटलंडचा मुख्य भूभाग नाही, समूहातलं सर्वांत मोठं बेट आहे. नॉर्स ‘मेगिनलांड’वरून आलेलं. भाषांतरात ‘मुख्य भूमी’ केलंत की त्या बेटावरचं लरविक गाव समुद्रापलीकडे जाऊन पडतं.

बाकी स्थलनावं शेवटाकडून वाचावीत. ‘विक’ म्हणजे उपसागर: लरविक, चिखलाचा उपसागर. ‘व्हो’ म्हणजे जमिनीत लांबवर घुसलेली अरुंद खाडी. ‘नेस’ भूशिर, ‘बिस्टर’ बहुधा शेतवाडी. शेवटचा ‘ए’ किंवा ‘आ’ पुष्कळदा बेटाचा: व्हॉल्से हे व्हेलचं, फूला पक्ष्यांचं. टिंगवॉल म्हणजे सभेचं मैदान. शेटलंडची न्यायसभा तिथं भरे. अपवाद असतातच, म्हणून आजच्या रूपावरून अर्थ लावण्याआधी नावाची सर्वांत जुनी नोंद पाहावी.

दफ्तरात शोध घेताना एकाच रूपावर थांबू नका. श, झ, य आणि ह्य अशा चारही आरंभांनी शोधा. स्वतःची सूची करताना सगळं ‘शेटलंड’खाली घेऊन बाकी तीन ठिकाणी ‘पाहा: शेटलंड’ एवढं लिहावं.