बरगंडीत वाइन चाखायला जायचंय? मुक्काम बोनला करा

फ्रान्समध्ये वाइन चाखायची म्हटलं की सगळे आधी बोर्दोचं नाव घेतात, पण पहिल्यांदाच जाताय आणि गाडी चालवायची नाहीये तर माझं ऐका, बरगंडीला जा. पॅरिसच्या गार द लियाँ स्टेशनवरून टीजीव्हीने, म्हणजे तिथल्या वेगवान ट्रेनने, दीड-पावणेदोन तासात दिजाँ, तिथून लोकल ट्रेनने वीसेक मिनिटांत बोन. गाव छोटंसं आहे, सगळीकडे पायी जाता येतं.

नाशिकला आपण कसं उठून थेट टेस्टिंग रूममध्ये जातो, तसं इथे होत नाही. बहुतेक ठिकाणी घरच्याच लोकांची द्राक्षबाग असते, बागेत काम करणारा माणूसच तुम्हाला तळघरात घेऊन जातो, म्हणून दोन-तीन आठवडे आधी ईमेल करून वेळ घ्या. सप्टेंबरमध्ये तोडणी चालू असते तेव्हा कोणाला फुरसत नसते, आणि नोव्हेंबरच्या तिसऱ्या रविवारी बोनमध्ये वाइनचा मोठा लिलाव असतो, त्या वीकेंडला रूम मिळणं कठीण. मे-जून मस्त. दुपारी १२ ते २ जेवायची सुट्टी, रविवारी बरंच बंद. आणि आत शिरताच आधी बोंजूर म्हणा, मग बाकीचं बोला, हे खरंच महत्त्वाचं आहे.

आता मुख्य गोष्ट. ग्रां क्रू म्हणजे सगळ्यात वरचा दर्जा, त्याच्या मागे धावून पैसे घालवू नका. बोनहून सायकल भाड्याने घ्या, द्राक्षबागांमधून सांतनेपर्यंत साधारण २२ किलोमीटरचा सायकल रस्ता आहे, त्यावर आधी पोमार गाव लागतं आणि लगेच पुढे व्होल्ने. दोन्हीकडे फक्त रेड, दोन्हीकडे द्राक्ष एकच, पिनो न्वार. पण पोमारची वाइन जरा भारदस्त, तुरटपणा हिरड्यांना जाणवतो, आणि व्होल्नेची हलकी, वास आधी येतो आणि मग चव. पोमारच्या मातीत चिकणमाती जास्त, व्होल्नेकडे चुनखडी जास्त, म्हणून हा फरक. मी दोन ग्लास शेजारी ठेवून आलटून पालटून एकेक घोट घेतला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हे लोक बागेच्या एकेका तुकड्याला वेगळं नाव का देतात. त्या तुकड्यांना ते क्लिमा म्हणतात, २०१५ पासून ते युनेस्कोच्या यादीत आहेत. अजून पुढे गेलात तर मर्सो, तिथे व्हाइट घ्या, शार्दोने.

घोट तोंडात फिरवून भांड्यात थुंकायचा. आपल्याला पहिल्यांदा फार अवघड वाटतं पण तिथे कोणी वळूनही बघत नाही, आणि न थुंकता प्यायलात तर चौथ्या ग्लासनंतर सगळ्या वाइन सारख्याच लागतात, शिवाय सायकलवर परत यायचंय. दिवसाला दोनच ठिकाणं करा. मधे खायला गुजेर मिळतात, चीजचे फुगलेले गोळे, गरम खा (अंडं असतं त्यात, न खाणाऱ्यांनी कोंते चीज आणि पाव घ्यावा).

छोट्या ठिकाणी एखादी तरी बाटली विकत घ्या, त्यांनी तासभर दिलेला असतो. भारतात माणशी २ लिटर ड्यूटी फ्री चालतं म्हणजे ७५० मिलीच्या दोन बाटल्या, कपड्यात गुंडाळून चेक-इन बॅगेत मधोमध ठेवा.