वर्गात लक्ष वेधून घेणारी मुले : नव्या शिक्षकांनी या चुका टाळाव्यात

इंदूरच्या शाळांमध्ये बी.एड.च्या छात्राध्यापकांचे सराव पाठ पाहताना, माध्यम हिंदी असो वा इंग्रजी, 'बैठ जाओ' हे पालुपद एका तासिकेत इतक्या वेळा कानी पडते की पाठ कोणत्या विषयाचा होता याचाच विसर पडावा. लक्ष वेधण्यासाठी उठलेल्या मुलाला तेवढेच हवे असते. अमेरिकेत पहिलीच्या मुलांवर झालेल्या आणि १९६८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात शिक्षकांनी 'खाली बसा' हे जितके वाढवले तितके मुलांचे उभे राहणे वाढले, आणि बसून काम करणाऱ्यांचे कौतुक सुरू केल्यावर ते कमी झाले.

तरीही माझी मोठी तक्रार आहे ती अर्धवट दुर्लक्ष करणाऱ्यांविषयी. एक छात्राध्यापिका सातवीला भूगोल शिकवत असताना दुसऱ्या रांगेतल्या मुलाने कंपासपेटी पाडली आणि 'मॅडम, गिर गया!' अशी घोषणाही केली. तिने पुस्तकातले 'दुर्लक्ष करा' स्मरून तिकडे पाहिले नाही. पेटी पुन्हा पडली, तेव्हाही पाहिले नाही. तिसऱ्या वेळी मात्र त्याने झाकण उघडे ठेवूनच पाडली. कर्कटक, कोनमापक, खोडरबर थेट फळ्यापर्यंत गेले, वर्ग हसला, आणि बाईंनी नकाशा सोडून त्याला शिस्तीवर व्याख्यान दिले. नंतर मला सांगितले, 'दुर्लक्षाचा उपयोग होत नाही.' मुलाला मात्र नेमके कळले होते की आवाज वाढवला की काम होते. अधूनमधून मिळणारे बक्षीस (इथे बाईंचे लक्ष) सवय अधिक चिवट करते, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांच्या प्रयोगांपासून ठाऊक आहे. शिवाय बक्षीस थांबले की वर्तन अनेकदा आधी उसळते आणि मग ओसरते. दोन दिवसांत गुण यावा म्हणणारे नेमके त्या उसळीत हात टेकतात.

माझी रीत अशी, की अशा मुलाशी हजेरीपूर्वीच दोन शब्द बोलायचे. शिकवताना वाक्य न तोडता त्याच्या बाकाशी जाऊन उभे राहायचे, वहीतल्या ओळीवर बोट ठेवायचे आणि त्याने लिहायला सुरुवात केली की त्यालाच ऐकू जाईल इतके 'छान' म्हणायचे, कारण सातवीतल्या मुलाला चारचौघांतले कौतुक अडचणीचे वाटू शकते. दुसऱ्या मुलाला इजा किंवा अपमान होत असेल, तर दुर्लक्ष मुळीच नको. तिथे लगेच आणि मोजक्या शब्दांत थांबवावे.

त्याला घाईने मॉनिटर करू नये. उपरोधाने बोलू नये. वर्ग हसतो आणि प्रेक्षक त्यालाच मिळतात. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर तक्रार टाकणे तर निव्वळ आळस आहे. मारणे आणि मानसिक छळ या दोहोंना शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ने मनाई आहे, तेव्हा त्यावर चर्चाच नको.

प्रत्येक खोडी लक्षासाठीच असते, असे मानणे हीही चूकच. मानसोपचारतज्ज्ञ रुडॉल्फ ड्रायकर्स शिक्षकाला स्वतःची भावना तपासायला सांगत : नुसता वैताग आला तर मुलाला बहुधा लक्ष हवे असते, आव्हान मिळाल्यासारखे वाटले तर सत्ता. एखादा मुलगा वाचनाची पाळी जवळ आली की हमखास गोंधळ घालत असेल, तर त्याला सुटका हवी असते, आणि वर्गाबाहेर काढून आपण ती देतो. अशा मुलाला मी उतारा आदल्या दिवशीच नेमून देते आणि पहिल्या दोनच ओळी वाचायला सांगते.