गावच्या 'हॉकीवाल्या आजोबां'चं चरित्र जुळवायचं कसं

सुरुवात पदकांपासून नको, नोकरीच्या कागदांपासून करा. त्या काळी आपल्याकडची हॉकी नावाला हौशी होती. रेल्वे, कस्टम्स, पोलीस यांना संघ हवा असायचा आणि कोकणातल्या पोराला मुंबईत नोकरी. खेळाचा मोबदला पगारातच मुरलेला. कॅनडात बर्फावरच्या हॉकीत 1910 च्या मोसमासाठी रेनफ्रू संघाने सायक्लोन टेलरला 5,250 डॉलर मोजले, तसा उघड आकडा इथे शोधू नका. शोधायचं ते नेमणुकीचं पत्र, सर्व्हिस शीट आणि आजींच्या फॅमिली पेन्शनचा पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश. आजोबा कोणत्या खात्यातून निवृत्त झाले, हे त्यावरून कळतं आणि पुढचा शोध त्या खात्याच्या संघाच्या नावाने घेता येतो.

इथेच पहिली फसगत होते. घरचे सांगतात, "1946 ला वेस्टर्न रेल्वेकडून खेळायचे." पण वेस्टर्न आणि सेंट्रल ही नावं 5 नोव्हेंबर 1951 पासूनची. त्याआधीच्या वर्तमानपत्रांत वेस्टर्नसाठी बीबीसीआय आणि सेंट्रलसाठी जीआयपी या नावाखाली पाहा, नाहीतर महिनाभर चाळूनही हाती काही लागणार नाही.

जन्मतारीख शाळेच्या दाखल्यावरून उचलू नका. दाखल्यावर 1 जून असेल तर ती बहुधा गुरुजींनी दिलेली तारीख. तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14, म्हणजे कोतवाल बुक (गावची जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही), मागा. जुन्या नोंदी मोडीत असतात. वाचणारा सोबत न्या. ख्रिस्ती कुटुंब असेल तर चर्चमधली बाप्तिस्म्याची वही जास्त भरवशाची.

आता माळ्यावरची ट्रंक. चाकरमानी गणपतीला येतात, तेव्हा फक्त विचारपूस उरकून घ्या. ट्रंक दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर उघडा. पावसाळ्यात फोटोवरचा थर ओल धरून मऊ पडतो आणि एकावर एक ठेवलेले फोटो सोडवताना चेहरेच उपटून येतात. बुरशी दिसली तर उन्हात टाकू नका, फोटो वळतात. सावलीत, वाऱ्यावर दोन दिवस सुकवा, मग तोंडाला फडकं बांधून मऊ ब्रशने अंगणात झटका. घरात झटकलंत तर तीच बुरशी बाकीच्या कागदांवर बसते.

फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो ओढायचा नाही, वाफही द्यायची नाही. फ्रेम सोडवून काचेसकट सपाट ठेवा. उजेड एका बाजूने तिरपा येऊ द्या, मोबाईलच्या मागे काळं कापड धरा म्हणजे काचेत तुमचंच प्रतिबिंब येणार नाही, आणि वरून सरळ टिपा. सुटे फोटो 600 डीपीआयला स्कॅन करा. मागची बाजूही, कारण स्टुडिओचा शिक्का आणि पेन्सिलीने लिहिलेली नावं तिथेच असतात. गंजलेल्या टाचण्या काढा. सेलोटेप आणि लॅमिनेशन मात्र कटाक्षाने टाळा, त्यातून कागद परत काढता येत नाही.

पदक काळं पडलंय म्हणून चिंच-आमसुलाने घासू नका. मुलामा जातो आणि कोरलेलं वर्ष बुजतं. त्या वर्षावर तर सगळं अवलंबून असतं. मुंबईची आगाखान स्पर्धा 1896 पासूनची, त्यामुळे वर्ष हाती नसेल तर किती दशकं चाळाल? अक्षरं पुसट असतील तर बॅटरीचा झोत आडवा टाकून वाचा.

वर्ष मिळालं की त्या मोसमाची वर्तमानपत्रं ग्रंथालयात बसून काढा. जुन्या बातमीत संघ ठरलेल्या क्रमाने छापत: आधी गोलकीपर, मग दोन फुलबॅक, तीन हाफ, शेवटी पाच फॉरवर्ड उजवीकडून डावीकडे. म्हणजे नाव पाचवं असेल तर आजोबा सेंटर हाफ. नावाबरोबर आद्याक्षर नसलं तर घाईने 'आपलेच' म्हणू नका. फर्नांडिस आणि डिसोझा एकेका सामन्यात दोन-दोन असायचे. इंग्रजी पत्रांत सावंत 'व्ही'नेही छापलेला सापडतो, 'डब्ल्यू'नेही. दोन्ही शोधा.

"ध्यानचंदबरोबर खेळले" हे वाक्य बऱ्याच घरांत ऐकू येतं. बरोबर की विरुद्ध, आधी तेवढं विचारा. 1928, 1932 आणि 1936 च्या ऑलिंपिक संघांची नावं उपलब्ध आहेत, ती पडताळा. यादीत नाव नसेल आणि कात्रणही नसेल, तर 'घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे' असं लिहून सांगणाऱ्याचं नातं आणि विचारल्याची तारीख शेजारी टिपून ठेवा.