कॅनडात नवे आलात? हॉकीतली ही माणसं ओळखून ठेवा

सिन नंबर (नोकरी-करासाठी लागणारा सरकारी क्रमांक), बँकेचं खातं, हेल्थ कार्ड यांची यादी तुम्हाला कुणीही देईल. मी सांगतेय ते त्या यादीत नसतं. ऑक्टोबर लागला की ऑफिसात, शाळेच्या फाटकाशी, दारातला बर्फ उपसताना शेजाऱ्याशी, सगळीकडे हॉकी सुरू होते ती थेट जूनपर्यंत. आणि हॉकी म्हणजे बर्फावरचीच. नियमांची घाई करू नका. दोन-चार मॅच बघितल्या की ऑफसाइड आपोआप कळतो. आधी माणसं ओळखा, कारण गप्पा त्यांच्याच असतात.

त्यातल्या एकाला तर तुम्ही आल्या दिवसापासून ओळखता. टिम हॉर्टन हा टोरांटो मेपल लीफ्सचा बचावपटू. १९६४ मध्ये हॅमिल्टनला त्याच्या नावाने डोनटचं दुकान निघालं, तेच आज गल्लोगल्ली दिसणारं कॉफीचं ‘टिम हॉर्टन्स’, आणि १९७४ मध्ये तो मोटार अपघातात गेला. दोन क्रीम, दोन साखरेची ‘डबल डबल’ कॉफी मागताना आपण त्याचंच नाव घेत असतो. लीफ्सनी शेवटचा स्टॅनली कप, म्हणजे हॉकीतला सगळ्यात मोठा चषक, जिंकला १९६७ मध्ये, आणि त्या संघात हॉर्टन होता. टोरांटोत ओळख नीट झाल्याशिवाय मात्र १९६७चा विषय काढू नका, लोकांना लागतं.

वेन ग्रेट्स्की, जर्सी नंबर ९९. ब्रँटफर्डचा मुलगा. वडिलांनी घरामागे पाणी सोडून बर्फाचं मैदान केलं होतं, त्यावर तो शिकला. अख्ख्या एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यात मोठ्या हॉकी लीगमध्ये, आता ९९ नंबर कुणालाच मिळत नाही. त्याचे ८९४ गोल २०२५ मध्ये अलेक्झांडर ओवेचकिन या रशियन खेळाडूने मागे टाकले, पण गोल सोडा: सहकाऱ्यांना गोल करून देण्याचे त्याचे नुसते ‘असिस्ट’च १९६३ आहेत. इतर कुणाचे गोल आणि असिस्ट एकत्र केले तरी तिथवर पोचत नाहीत. एडमंटनला चार कप जिंकून देणाऱ्या या माणसाला ऑगस्ट १९८८ मध्ये लॉस एंजेलिसच्या संघाला देऊन टाकलं, तेव्हा सरकारने हा सौदा अडवावा अशी मागणी एका खासदाराने केली होती. एडमंटनला नोकरी लागली असेल तर ही जखम अजून ओली आहे असं समजून चाला. ट्रम्पशी असलेल्या मैत्रीमुळे हल्ली त्याच्यावर नाराज असलेलेही बरेच आहेत. तेव्हा नाव काढा आणि समोरचा काय म्हणतो ते ऐका.

माँट्रियलला जाणार असाल तर मात्र मॉरिस रिशार नीट समजून घ्या. माँट्रियल कॅनेडियन्सचा खेळाडू, ‘रॉकेट’ म्हणायचे त्याला. १९४४-४५ मध्ये पन्नास मॅचमध्ये पन्नास गोल, तोवर कुणाला न जमलेले. पण त्याचं मोठेपण आकड्यांत मावत नाही. शहरात बहुसंख्य लोक फ्रेंच बोलणारे, आणि कारखाने, बँका, खुद्द हॉकी लीग यांचे साहेब इंग्रजी बोलणारे. मार्च १९५५ मध्ये बॉस्टनच्या मॅचमध्ये मारामारी झाली, त्यात रिशारने एका पंचावर हात उचलला. लीगचे अध्यक्ष क्लॅरन्स कॅम्पबेल यांनी त्याला उरलेल्या हंगामातून आणि प्लेऑफमधूनही, म्हणजे कपसाठीच्या शेवटच्या फेऱ्यांतूनही, काढलं. वर १७ मार्चला तेच कॅम्पबेल माँट्रियलची मॅच बघायला येऊन बसले! टोमॅटो, अंडी, मग अश्रुधूर. मॅच बंद पडली आणि सेंट कॅथरिन रस्त्यावर दुकानांच्या काचा फुटत राहिल्या. दुसऱ्या दिवशी रिशारने स्वतः रेडिओवरून लोकांना शांत राहायला सांगितलं. पुढे साठच्या दशकात क्वेबेकने जी कूस बदलली, तिची सुरुवात बरेच लोक या रात्रीपासून धरतात. ज्यांच्या घरात संयुक्त महाराष्ट्राच्या आठवणी निघतात त्यांना हे फार समजावून सांगावं लागणार नाही. २००० मध्ये तो गेला तेव्हा क्वेबेकने त्याला शासकीय इतमामात निरोप दिला.

‘हा गोऱ्यांचा खेळ, आपल्याला काय’ असं आपल्यातलेच सांगतील. त्यांना विली ओ’री सांगा. फ्रेडरिक्टनचा हा खेळाडू १८ जानेवारी १९५८ रोजी बॉस्टनकडून उतरला. एनएचएलमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, आणि तोही एका डोळ्याने जवळजवळ आंधळा. ही गोष्ट त्याने लपवून ठेवली होती, नाहीतर खेळूच दिलं नसतं. आणि हरनारायण सिंग: अल्बर्टातल्या ब्रूक्सचा हा मुलगा २००८ पासून हॉकीचं पंजाबी समालोचन करू लागला, पुढे इंग्रजीतही गेला. आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले की शनिवारी रात्री पंजाबी समालोचन लावून द्या. हिंदी येणाऱ्याला पुष्कळ कळतं आणि मजाही जास्त येते.

मुलगी असेल तर तिला हेली विकेनहायझर दाखवा. ऑलिंपिकची चार सुवर्णपदकं आणि नंतर डॉक्टर. आपल्या आईबापांना आणखी काय हवं! २०२४ पासून बायकांची पीडब्ल्यूएचएल लीगही सुरू आहे.

आता मुलांना बर्फावर उतरवायचं. स्केट वापरलेले घ्या, पाय वर्षात वाढतो. धार लावून घ्या, कोरे असले तरी. आत जाड लोकरी मोजे नकोत, पातळच. नाडी पंजापाशी जरा सैल आणि घोट्यापाशी करकचून. हेल्मेटला मात्र जाळी हवीच. मुलगा कुरकुरला तर त्याला जाक प्लांट सांगा. १ नोव्हेंबर १९५९ला न्यूयॉर्कमध्ये या माँट्रियलच्या गोलकीपरच्या तोंडावर पक, म्हणजे हॉकीतली रबरी चकती, बसला. टाके घालून परत आला तो मुखवटा लावूनच. प्रशिक्षकाला ते मुळीच पसंत नव्हतं, पण मुखवट्याशिवाय उतरणार नाही म्हणाला, आणि दुसरा गोलकीपर होता कुठे?