लिफ्टच्या तक्रारींचा हिशेब बिल देण्याआधी

सोसायटीच्या लिफ्टचा वार्षिक देखभाल करार असतो, पण वर्षाअखेरी 'किती वेळा बंद पडली?' याचं उत्तर कुणाकडेच नसतं. सगळ्या तक्रारी फोनवरच विरलेल्या असतात. आम्ही वॉचमनच्या टेबलावर एक दोनशेपानी वही ठेवली, आणि कंत्राटदाराशी बोलणंच सोपं झालं.

१. लिफ्ट बंद पडली की तारीख, वेळ आणि कंपनीने दिलेला तक्रार क्रमांक लिहायचा. क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवायचा नाही.

२. मेकॅनिक आला की त्याच्याकडूनच येण्याची वेळ, काय केलं हे लिहून सही घ्यायची. हे सर्वात महत्त्वाचं. पुढे वाद होतो तो नेमका इथेच.

३. तिमाही बिल आलं की त्या पानांचे फोटो जोडून सेक्रेटरीने ईमेल करायचा, मगच चेक.

दाद मिळाली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर याच नोंदी कामी येतात. ग्राहक आयोगात जायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं असते.

एक जपा: करारात दंडाचं कलम नसेल तर बिलातून परस्पर पैसे कापू नका. नूतनीकरणाच्या वेळी मात्र ते कलम घालून घ्याच.